शक्य ते सगळं : एका प्रश्नाचं प्रकरण

रुग्णालयातून घरी गेलेल्या पेशंटला येणाऱ्या प्रश्नावलीत एक प्रश्न असायचा. मराठीत तो साधारण असा होईल : ‘या मुक्कामात तुमच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांनी त्यांना शक्य ते सगळं किती वेळा केलं?’ उत्तरासाठी चार चौकोन : कधीच नाही, कधी कधी, बहुतेक वेळा, नेहमी.

वाचायला अगदी निरुपद्रवी. पण अमेरिकेत ओपिऑइड, म्हणजे अफूच्या कुळातली वेदनाशामकं, हजारोंचे बळी घेत होती तेव्हा या एका ओळीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं. डॉक्टरांच्या संघटना, संसदेतले सदस्य, राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला आयोग, सगळ्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं. आधी तिच्यामागचे पैसे काढले, मग शब्द बदलले, शेवटी विषयच पुसून टाकला. पेशंटचं समाधान मोजण्याचं काम करणाऱ्यांनी हे प्रकरण नीट वाचावं असं मला वाटतं, कारण यात आरोपी बहुधा चुकीचा पकडला गेला आणि तरीही तो निर्दोष नव्हता.

प्रश्नावली कशी होती

तिचं नाव एचकॅप्स. त्याआधी अमेरिकेतली रुग्णालयं आपापले सर्व्हे काढत. प्रश्न वेगळे, विचारण्याची वेळ वेगळी, आणि निकाल बहुतेक वेळा आपल्यालाच शाबासकी देणारे. एका रुग्णालयाची दुसऱ्याशी तुलना अशक्य. २००२ मध्ये मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना, चालवणाऱ्या सीएमएस या सरकारी यंत्रणेने आरोग्यसेवेच्या दर्जावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेबरोबर एकच, सगळ्यांना लागू होणारी प्रश्नावली बनवायला घेतली. ऑक्टोबर २००६ पासून ती वापरात आली आणि मार्च २००८ मध्ये रुग्णालयवार निकाल पहिल्यांदा लोकांसमोर ठेवले गेले.

रचना विचारपूर्वक केलेली होती. किमान एक रात्र राहिलेले, १८ वर्षांवरचे पेशंट. त्यांच्यातून यादृच्छिक नमुना. डिस्चार्जनंतर ४८ तास ते ४२ दिवस या काळात, टपालाने किंवा फोनवर. खाटेवर असताना फॉर्म भरून घ्यायचा नाही, हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या नर्सच्या हातून अजून इंजेक्शन घ्यायचं आहे तिच्यासमोर तिला कमी मार्क कोण देईल? फोनवर विचारलं की लोक टपालापेक्षा गोड उत्तरं देतात, हे आधीच्या प्रयोगातून कळलेलं होतं, म्हणून निकालात तशी दुरुस्ती केली जायची. पेशंटचं वय, शिक्षण, स्वतःच्या तब्येतीबद्दलचं मत यांसाठीही दुरुस्ती होती, कारण म्हातारी माणसं साधारणपणे जास्त समाधान दाखवतात आणि स्वतःला फार आजारी समजणारी कमी.

आणखी एक मुद्दा. एचकॅप्सने ‘तुम्ही समाधानी आहात का?’ असं थेट विचारणं जवळजवळ टाळलं. समाधान हे अपेक्षेवर ठरतं. ज्याची अपेक्षाच तोकडी, तो तोकड्या सेवेवरही खूश. म्हणून तिचे बहुतेक प्रश्न ‘किती वेळा’ घडलं असं विचारणारे होते. नर्सने तुमचं म्हणणं लक्ष देऊन किती वेळा ऐकलं? बेल दाबल्यावर हवी तेव्हा मदत किती वेळा मिळाली? रात्री खोलीभोवती शांतता किती वेळा होती? अशी प्रश्नावली मत विचारत नाही, साक्ष मागते.

वेदनेवरचे प्रश्न तीन होते. पहिला फक्त चाळणीचा : वेदनेसाठी औषध लागलं का? हो म्हणणाऱ्यांना पुढचे दोन. वेदना किती वेळा नीट आटोक्यात होत्या, आणि वर दिलेला ‘शक्य ते सगळं’.

वेदनेला जागा का मिळाली

ती मिळायलाच हवी होती. १९७३ मध्ये मार्क्स आणि सॅचर या दोन मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णालयातल्या पेशंटांचा अभ्यास करून दाखवलं होतं की व्यसन लागेल या अवाजवी भीतीने डॉक्टर वेदनाशामक कमी लिहितात आणि पेशंट विनाकारण तळमळत राहतात. पेशंटच्या नजरेतून दर्जा पाहण्याचं काम १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं तेव्हा शारीरिक आराम हा त्यातला एक मुख्य भाग होता.

पण मधल्या काळात वारं फिरलं होतं. १९८० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात निदान एकदा ओपिऑइड मिळालेल्या ११,८८२ पेशंटांपैकी फक्त चौघांमध्ये व्यसन जडल्याची नोंद आढळली, एवढाच त्याचा आशय. ते पत्र पुढे वर्षानुवर्षं, घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांनाही लागू असल्यासारखं वापरलं गेलं. १९९५ मध्ये अमेरिकन पेन सोसायटीच्या अध्यक्षांनी वेदनेला पाचवं जीवनचिन्ह मानण्याची हाक दिली, म्हणजे ताप, नाडी, श्वास, रक्तदाब यांच्या रांगेत वेदनाही. त्याच वर्षअखेरीस ऑक्सिकॉन्टिन या ओपिऑइड गोळीला परवानगी मिळाली. २००१ पासून रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने वेदनेची नोंद आणि उपचार यांचे निकष लागू केले. एचकॅप्स यायच्या पाच वर्षं आधीच प्रत्येक खाटेवर ‘शून्य ते दहा, किती दुखतंय?’ विचारलं जात होतं.

हा क्रम लक्षात ठेवावा लागतो, कारण नंतरच्या वादात तो सगळे विसरले.

खोट कुठे होती

प्रश्नावली तपासताना मला एक सवय आहे. प्रत्येक प्रश्नापुढे लिहायचं : याचं खरं उत्तर देण्यासाठी पेशंटने काय पाहिलेलं असायला हवं? बेलच्या प्रश्नाला उत्तर सोपं आहे, बेल दाबली आणि कुणी आलं किंवा आलं नाही. शांततेचंही तसंच. आता ‘शक्य ते सगळं’ घ्या. कर्मचाऱ्यांना काय काय शक्य होतं हे पेशंटला कसं कळणार? नर्सने डॉक्टरांना तीन फोन केले, मूत्रपिंडाचा अहवाल पाहून एक औषध टाळलं, दुसऱ्याची वेळ बदलली, यातलं काही त्याच्या डोळ्यांसमोर घडलेलं नसतं. त्याला दिसतं ते एवढंच की मागितल्यावर गोळी मिळाली की नाही. साक्षीच्या प्रश्नांमध्ये बसवलेला हा एक निवाड्याचा प्रश्न होता. तोही हेतूचा निवाडा.

त्यात मार्क देण्याची पद्धत. पुढे पैशांच्या हिशेबात फक्त सर्वोच्च उत्तर धरलं जायचं, म्हणजे ‘नेहमी’. ‘बहुतेक वेळा’ म्हणणारा पेशंट ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्याच्याच पंगतीला. शांततेच्या बाबतीत ‘नेहमी’चा आग्रह धरता येईल. पण पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी उठून बसताना, खोकताना दुखतंच. ते अजिबात दुखू नये इतकं ओपिऑइड दिलं तर पेशंट गुंगीत राहतो, श्वास उथळ होतो, आतडी सुस्तावतात. चांगला उपचार तिथे ‘बहुतेक वेळा’वरच थांबतो, आणि प्रश्नावली त्या उत्तराला शून्य देते.

म्हणजे एका प्रश्नात पेशंटला न दिसणारी गोष्ट विचारली, आणि दोन्ही प्रश्नांत वैद्यकशास्त्राला न पेलणारी पातळी आदर्श मानली. माझ्या लेखी गुन्हा इथेच आहे. कोर्टात मात्र खटला भलत्याच कलमाखाली चालला.

तीन डॉलर

ऑक्टोबर २०१२ पासून एचकॅप्सचे गुण मेडिकेअरकडून रुग्णालयांना मिळणाऱ्या देयकाशी जोडले गेले. २०१०च्या आरोग्यसेवा कायद्यातली ही तरतूद होती. प्रत्येक रुग्णालयाच्या मूळ देयकातून पहिल्या वर्षी १ टक्का बाजूला काढायचा आणि कामगिरीनुसार वाटून द्यायचा. हा हिस्सा वाढत २०१७ च्या आर्थिक वर्षात २ टक्क्यांवर गेला.

इथून पुढे डॉक्टरांच्या तोंडी एकच वाक्य : वेदनेचे मार्क गेले तर पैसे जातात, म्हणून गोळ्या लिहाव्या लागतात. हे किती खरं, ते हिशेब मांडून पाहू. पहिल्या वर्षी एकूण गुणांत पेशंटच्या अनुभवाला ३० टक्के वजन होतं. त्या भागाचे १०० गुण, आठ विषयांना प्रत्येकी १० आणि सगळ्या विषयांत सातत्य ठेवण्याचे २०. वेदना हा आठांतला एक. म्हणजे मूळ देयकाच्या दर १०,००० डॉलरमागे १०० डॉलर पणाला, त्यातले ३० पेशंटच्या अनुभवावर, आणि वेदनेवर ढोबळमानाने ३ डॉलर. पुढे २ टक्के हिस्सा आणि २५ टक्के वजन झाल्यावरही हा आकडा ५ डॉलरपलीकडे जात नाही.

एवढ्यासाठी कुणी कुणाला ओपिऑइड लिहून देईल का? रुग्णालयाच्या हिशेबनीसाला विचाराल तर नाही. पण आकडा हिशेबनीसाकडे थांबला नाही. सरकारने रुग्णालयाला दिलेला गुण रुग्णालयाने खाली डॉक्टरांकडे ढकलला. अनेक ठिकाणी डॉक्टरांच्या मोबदल्याचा काही भाग समाधानाच्या गुणांना बांधला गेला, विभागाच्या भिंतीवर नावानिशी तक्ते लागले. एचकॅप्स एकेका डॉक्टरची तुलना करण्यासाठी बनवलेलीच नाही, हे सीएमएस स्वतः सांगत होतं.

आकडेशास्त्र हेच सांगतं. ३०० उत्तरांत ७० टक्के लोक ‘नेहमी’ म्हणत असतील तर नमुन्यामुळे पडणारा फरक पाच टक्क्यांच्या आसपास वरखाली असतो. रुग्णालयासाठी हे चालण्यासारखं आहे. तेच १२ उत्तरांवर एका डॉक्टरचं माप काढलं तर फरक पंचविसाच्याही वर जातो. या महिन्यात ८३ टक्के आणि पुढच्या महिन्यात ५८ टक्के मिळवणारा डॉक्टर दोन्ही महिने तसाच वागलेला असू शकतो. शिवाय एका मुक्कामात पेशंट किती डॉक्टर आणि किती नर्सच्या हाताखालून जातो? उत्तर कुणाच्या खात्यावर लिहायचं?

आणि सर्वांत मोठा आरडाओरडा कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांचा होता. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनदा तपासलं, कारण कॅज्युअल्टीतून परस्पर घरी गेलेला पेशंट एचकॅप्सच्या नमुन्यात येतच नाही. तिथे वापरले जाणारे सर्व्हे खासगी कंपन्यांचे आणि वेगळे. म्हणजे त्यांची तक्रार खरी होती, पण ती गुण मोजणाऱ्या रुग्णालय प्रशासनाविरुद्ध होती. राग निघाला तो सरकारी प्रश्नावलीवर.

पुरावा काय म्हणत होता

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या वादात सगळ्यांत जास्त फेकला गेला. ५० हजारांहून जास्त प्रौढांच्या माहितीतून असं दिसलं की डॉक्टरांवर सर्वाधिक समाधानी असलेल्या गटाचा औषधोपचारांवरचा खर्च जास्त होता, रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि मृत्यूचा धोका २६ टक्क्यांनी जास्त. ‘खूश पेशंट लवकर मरतो’ असा त्याचा अर्थ लोकांनी काढला. पण तो अभ्यास रुग्णालयातल्या मुक्कामाचा नव्हता, बाहेरच्या डॉक्टरांबद्दलच्या समाधानाचा होता. आणि निरीक्षणातून कार्यकारण सिद्ध होत नाही : जास्त आजारी माणसाचा डॉक्टरशी संबंध जास्त आणि जवळचा असतो, हेही कारण असू शकतं.

थेट प्रश्नावर केलेले अभ्यास वेगळंच सांगत होते. २०१४ मध्ये एका अभ्यासात कॅज्युअल्टीत वेदनाशामक दिलं की नाही याचा समाधानाच्या गुणांशी संबंध आढळला नाही. २०१७ मध्ये मिशिगनमधल्या रुग्णालयांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर लिहून दिलेल्या ओपिऑइडचं प्रमाण आणि एचकॅप्समधले वेदनेचे गुण यांची सांगड बसली नाही. म्हणजे भरमसाट गोळ्या लिहून गुण वाढतात ही समजूतच टिकत नव्हती. मार्च २०१६ मध्ये सीएमएसच्या अधिकाऱ्यांनीही लेख लिहून हेच मांडलं की ओपिऑइड न दिल्याने गुण घसरतात याला पुरावा नाही.

मला याहून बोलका वाटतो तो तारखांचा मेळ. औषधांच्या दुकानांतून दिल्या गेलेल्या ओपिऑइडच्या चिठ्ठ्यांचं शिखर २०१२ मध्ये आलं : २५.५ कोटींहून जास्त, दर १०० माणसांमागे ८१.३. त्यानंतर उतरण सुरू झाली आणि २०१७ मध्ये हे प्रमाण ५८.७ वर आलं. मार्क आणि पैसा यांची सांगड २०१२ च्या ऑक्टोबरातली. मोजणीचा काळ जुलै २०११ पासून धरला होता हे मान्य केलं तरी, ज्या वर्षांत पणाला लागलेली रक्कम १ वरून २ टक्क्यांवर चढत होती त्याच वर्षांत चिठ्ठ्या घटत होत्या. मृत्यू मात्र वाढत राहिले, १९९९ मधल्या ८ हजारांच्या आसपासवरून २०१६ मध्ये ४२ हजारांवर, पण तोवर त्यात बेकायदा फेंटॅनिल या अतितीव्र ओपिऑइडचा वाटा मोठा झाला होता. फेंटॅनिल विकणारा प्रश्नावली वाचत नाही.

म्हणून दबाव नव्हता असं मी म्हणणार नाही. आपल्या मार्कांचा तक्ता भिंतीवर लागलाय हे माहीत असलेला, रात्री दोन वाजता बारावा पेशंट तपासणारा डॉक्टर वाद घालण्यापेक्षा चिठ्ठी लिहील, हे समजायला अभ्यास लागत नाही. सरासरीत न दिसणारी गोष्ट एकेका खाटेपाशी घडू शकते. पण मग दोष भिंतीवरच्या तक्त्याचा धरायला हवा.

निकाल

एप्रिल २०१६ मध्ये ओपिऑइडचा वापर जबाबदारीने व्हावा म्हणून काम करणाऱ्या डॉक्टरांच्या पुढाकाराने अनेक संघटना आणि तज्ज्ञांनी सीएमएसला पत्र लिहून हे प्रश्न काढायला सांगितले. त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेत विधेयक आलं. नोव्हेंबरात सीएमएसने वेदनेचे गुण पैशांच्या हिशेबातून वगळण्याचं जाहीर केलं. कारण देताना त्यांनी आपलं आधीचं म्हणणं सोडलं नाही : पुरावा नाही, पण डॉक्टरांना दबाव वाटत असेल तर तो वाटण्याचं कारण राहू नये. प्रशासकीय भाषेतलं हे एक सुंदर वाक्य आहे. आरोपी निर्दोष, तरी गावाबाहेर.

दुसरी पायरी जास्त शहाणी होती. जानेवारी २०१८ पासून डिस्चार्ज मिळालेल्यांना नवे प्रश्न विचारले जाऊ लागले. आधी ‘औषध लागलं का?’ऐवजी ‘वेदना होत्या का?’. मग, किती दुखतंय याबद्दल कर्मचारी तुमच्याशी किती वेळा बोलले? आणि वेदनेवर काय उपाय करायचे याबद्दल किती वेळा बोलले? फरक पाहा. बोलणं पेशंटला दिसतं, ऐकू येतं, आठवतं. त्याची साक्ष तो देऊ शकतो. बोलायला ओपिऑइड लागत नाही, आणि ‘आज थोडं दुखेल, कारण हे औषध आणखी वाढवलं तर तुमचा श्वास मंदावेल’ असं सांगणाऱ्या नर्सलाही पूर्ण मार्क मिळू शकतात. मूळ प्रश्नाची खोट नेमकी ओळखून केलेली ही दुरुस्ती होती.

तिला दोन वर्षंही मिळाली नाहीत. नोव्हेंबर २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या ओपिऑइड आयोगाने वेदनेचे प्रश्न सर्व्हेतून पूर्ण काढण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ओपिऑइड संकटावरचा मोठा कायदा झाला, त्यात अशा प्रश्नांवर निर्बंध आले. ऑक्टोबर २०१९ च्या डिस्चार्जपासून वेदनेचे तिन्ही प्रश्न गेले. ३२ प्रश्नांची प्रश्नावली २९ वर आली.

मी तिथे असतो तर? मूळचा ‘शक्य ते सगळं’ मीही काढला असता, तोही २००६ मध्येच, चाचणीच्या टप्प्यावर. ‘बहुतेक वेळा’ला अर्धे तरी मार्क दिले असते. शंभराखाली उत्तरं असतील तर आकडा कुणाच्या नावावर लावायचा नाही, ही अट कागदावर लिहून तिच्यासाठी भांडलो असतो, आणि बहुधा हरलो असतो, कारण आकडा हातात आला की त्याला नाव चिकटवण्याचा मोह कुठल्याच प्रशासनाला आवरत नाही. पण २०१८ चे प्रश्न मी कुणालाही हात लावू दिले नसते. १९७३ च्या अभ्यासात तळमळणारे पेशंट हवेत विरून गेलेले नाहीत. ओपिऑइड कमी लिहिण्याच्या काळात तर कुणाच्या वेदनेकडे पाठ फिरवली जातेय का हे कळण्याची गरज जास्त होती, आणि नेमका तेव्हाच देशभर एकसारखा मोजणारा एकमेव काटा उचलून ठेवला गेला.

जानेवारी २०२५ पासून एचकॅप्सची नवी आवृत्ती लागू झाली. तिच्यात विश्रांतीवर जास्त भर आहे : मुक्कामात तुम्हाला हवी तेवढी विश्रांती किती वेळा मिळाली? शस्त्रक्रियेनंतर रात्रभर कण्हत पडलेला पेशंट तिथे ‘कधीच नाही’वर खूण करू शकतो. कशामुळे, हे सांगायला पुढे चौकोन नाही.